सोळा ग्रॅम जास्त

पद्मा सुतार तिसऱ्यांदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण लागलेला होता.

"साहेब, एक विचारायचं होतं."

"विचार."

"गाडीला पॉलिशपेपर घासलेला चालतो का?"

"चालतो."

"कुठल्या नंबरचा?"

मी वस्तरा खाली ठेवला. बारा वर्षांची मुलगी, घट्ट दोन वेण्या, पायात बाटाच्या झिजलेल्या चपला. रविवारी सकाळी साडेसातला ती मला पॉलिशपेपरचा नंबर विचारत होती.

"कुठलाही चालतो."

"घरात आहे तो बाबांचा आहे. बाबांचा वापरला तर चालेल, का नवा आणायचा?"

"हात तुझे असले म्हणजे झालं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. कॉलनीतली झाडून सगळी मुलं मला काका म्हणत. ही एकटी साहेब म्हणायची. तेही मला खटकत असे.

"कोण होतं?" सुमनने स्वयंपाकघरातून विचारलं.

"रंगराव सुताराची मुलगी. तिसरी खेप."

"हुशार आहे हो ती."

"हुशार नाही, पढवलेली आहे. बाप घरात बसून नियमांत भोकं शोधतोय आणि भोक कितीचं आहे ते मोजायला हिला पाठवतोय."

"तुम्हाला ना," सुमन म्हणाली, "देव प्रसन्न झाला तरी आधी त्याची उंची मोजून घ्याल."

ती थट्टा करत होती, पण खोटं बोलत नव्हती. कृष्णाकाठच्या त्या इंजिनांच्या कारखान्यात मी गेजरूमचा प्रमुख होतो. गेज म्हणजे माप तपासायचं साधन. साध्या गेजची एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. गेली तर माल रद्द. चौदा वर्षं मी लोकांनी खपून केलेल्या वस्तूंत खोट शोधत होतो आणि त्याचाच पगार घेत होतो. पाठीमागे मला कॉलनीत शंकासुर म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

म्हणून तर मुलांच्या गाड्यांच्या शर्यतीचे नियम करायचं काम माझ्याकडे आलं. ही सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दरवर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची आणि हत्यारांची पूजा व्हायची. त्या दिवशी कामगारांची बायकामुलं आत येत, पेढे वाटले जात, आणि फाउंड्रीच्या अंगणात पत्र्याच्या उतारावरून मुलांनी केलेल्या लाकडी गाड्या सोडत. जिंकणाऱ्या मुलाचं नाव, बापाच्या नावासकट, कॅन्टीनमधल्या फळ्यावर रंगवलं जाई. ते वर्षभर तिथे असायचं, आणि सातशे माणसं रोज त्याच्याखाली बसून जेवायची.

आदल्या वर्षी फळ्यावर नाव लागलं ते कारखान्याचे मॅनेजर पाटणकरसाहेब यांच्या मुलाचं. पुढे कुणीतरी त्याची गाडी उलटी करून बघितली तर चाकांत बॉलबेअरिंग. कामगार तोंडावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर कुणीतरी ग्रीस फासलं होतं. पाटणकरसाहेब माणूस सरळ होता. त्यांना लाज वाटली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "खांबेटे, यंदा असे नियम करा की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये."

मी केले. प्रत्येक मुलाला एकाच मापाचा देवदाराचा ठोकळा, परदेशातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांतून कापलेला. चार नायलॉनची चाकं, एकाच कांबीतून कातलेली. आसासाठी सायकलच्या आऱ्याचे दोन तुकडे. गाडीचं वजन दोनशे ग्रॅमच्या वर नको. आसांखेरीज कुठलाही धातू नको. आणि शेवटचा नियम, लाल अक्षरांत: गाडी मुलाने स्वतःच्या हाताने करायची.

हा शेवटचा नियमच मला झोपू देत नव्हता. बाकी सगळं मोजता येत होतं. हात कुणाचे होते ते कसं मोजणार? आणि ज्या एका घराबद्दल मला सगळ्यात जास्त शंका होती, त्या घरातली मुलगी दर दोन दिवसांनी माझ्या दारात येत होती.

रंगराव सुतार पॅटर्न शॉपला होता. इंजिनाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी साचा करावा लागतो, ते त्याचं काम. त्याच्यासारखा लाकडातला हात जिल्ह्यात नव्हता. पण मला त्याच्याबद्दल शंका होती ती त्यामुळे नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गेजरूममधून एक गेज नाहीसा झाला होता. अंगठ्याएवढा, पण जर्मनीहून आणलेला. त्या दिवशी बाहेरचा एकच माणूस माझ्या खोलीत येऊन गेला होता, साच्याचं माप पडताळायला आलेला रंगराव. मी सिक्युरिटीला त्याचं नाव सांगितलं. पाळी सुटताना फाटकावर सगळ्यांसमोर त्याची झडती झाली. डबा उघडला, भाकरीखाली बघितलं, चपला काढायला लावल्या, कोपरीचे खिसे उलटे केले. काही निघालं नाही. पण कारखान्यात काही निघालं नाही याचा अर्थ माणूस स्वच्छ असा होत नाही, माणूस हुशार असा होतो. रंगराव कॅन्टीनमध्ये पुढचे कित्येक महिने एकटाच जेवताना दिसे. तो विषय तिथेच संपला असं मी धरून चाललो होतो.

चौथ्या वेळी पद्मा आली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

"साहेब, चाकाला तेल चालतं का?"

"कसलं तेल?"

"आईच्या शिलाई मशीनचं."

"थेंबभर चालेल."

"थेंब म्हणजे किती?"

"अगं थेंब म्हणजे थेंब," मी पेपर आपटला. "तुला हे सगळं कोण विचारायला सांगतं? बाबा ना?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "हो. बाबा म्हणतात, आधी विचारून घे."

मी सुमनकडे विजयी नजरेने बघितलं. ती पोह्यांना फोडणी देत होती. पद्मा गेल्यावर मी म्हणालो, "खाई त्याला खवखवे. तेरा मुलांनी ठोकळे नेले. बाकी बारा जणांपैकी एकाने तरी येऊन काही विचारलंय? ज्याला सरळ चालायचं असतं तो रस्त्याचे कायदे विचारत नाही."

"किंवा ज्याला एकदा रस्त्यात मार बसलाय तो विचारतो," सुमन म्हणाली. ती सहज बोलली होती. मी पेपर तोंडापुढे धरला.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली, तिची आज लाज वाटते. संध्याकाळी फिरायला जातो म्हणून निघालो आणि कामगारांच्या चाळींकडे वळलो, जिकडे मी एरवी कधी जात नसे. रंगरावाच्या दारासमोरच्या कट्ट्यावर पद्मा ठोकळा गुडघ्यांत धरून कानशीने घासत होती. रंगराव शेजारी बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तसा कुणी बसत नाही. मला बघून तो उठला.

"या की साहेब. हिकडं कुठं?"

"असंच. चाललंय का गाडीचं?"

"पोरीचं चाललंय. मी हात लावत न्हाई."

"मी विचारलं नव्हतं."

"न्हाई, आपलं सांगितलं."

पद्मा मान खाली घालून घासतच राहिली. ठोकळ्याचं नाक तेवढं गोल केलं होतं, कडा मारल्या होत्या, बाकी ठोकळा ठोकळाच होता. पॅटर्न शॉपच्या राजाच्या घरात एवढी ओबडधोबड गाडी? दाखवायला ही, आणि उतारावर सोडायला दुसरी, असं तर नाही? घरी परत येईपर्यंत माझी खात्री झाली होती. मला येताना बघून त्याने हात मांड्यांखाली लपवले. एका क्षणापूर्वी त्या हातांत कानस असणार.

खंडेनवमीच्या सकाळी कारखाना ओळखू येत नव्हता. लेथना झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदीकुंकू, भट्टीसमोर नारळ. प्रत्येक शॉपमध्ये पाटावर त्या त्या माणसांची हत्यारं मांडलेली, पॅटर्न शॉपच्या पाटावर रंधे, पटाशा, करवती. आमच्याकडे रीत अशी की एकदा पूजा झाली की दसऱ्याचा दिवस उलटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ती राबतात, हे दोन दिवस त्यांचे. भट्टीचे मुकादम मुल्लाचाचा, कारखान्यातले सगळ्यात जुने, पूजेचा नारळ दरवर्षी त्यांच्या हातून फुटे, आणि त्यांच्या धाकापुढे कुणी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा उचलत नसे.

नऊ वाजता मी गेजरूमचा तराजू अंगणात मांडला आणि गाड्या तपासायला घेतल्या. मुलांनी हौसेने कोरल्या होत्या. कुणाची माशासारखी, कुणाची विमानासारखी. वजनं भरत होती एकशे वीस, एकशे पस्तीस, एकशे दहा. पाटणकरसाहेबांच्या निखिलची एकशे पन्नास. शेवटी पद्माची आली.

मी ती उचलली. तीच कट्ट्यावरची, बिनरंगाची. चाकं मात्र अशी फिरत होती की एकदा टिचकी मारली की थांबायचं नाव नाही. तराजूत ठेवली. एकशे शहाण्णव.

नियमाप्रमाणे दोनशेच्या आत होती. पण मी नियम करण्याआधी एक ठोकळा स्वतः वजन करून बघितला होता. ठोकळा एकशे ऐंशी, चाकं आणि आस वीस. हिने नाक गोल केलं, कडा मारल्या, त्यात किमान वीस ग्रॅम लाकूड गेलं असणार. म्हणजे गाडी भरायला हवी एकशे ऐंशी. सोळा ग्रॅम कुठून आले?

शिसं. भोक पाडून आत शिसं ओतायचं आणि वरून लाकडाचं बूच बसवून घासून टाकायचं. रंगरावाने बूच बसवलं तर देवालाही सांधा दिसला नसता. आणि जड गाडी उतारावरून येऊन सपाटीवर इतरांपेक्षा लांब जाते, हे कुणाही फिटरला ठाऊक असतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. "ठीक आहे," म्हणून गाडी रांगेत ठेवली. मला बघायचं होतं, तिला धावू द्यायचं होतं, आणि सगळ्यांसमोर धरायचं होतं.

ती तीनही फेऱ्यांत पहिली आली. नुसती पहिली नाही, हातभर अंतराने. कामगार शिट्ट्या मारत होते. निखिलची गाडी दुसरी. पद्मा हसतसुद्धा नव्हती, गाडी पोटाशी धरून बापाकडे बघत होती. रंगराव गर्दीच्या मागे भिंतीपाशी उभा होता. तीन वर्षांत लोक त्याच्या पाठीवर थाप मारताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

पाटणकरसाहेब बक्षीस जाहीर करायला माईककडे निघाले तेव्हा मी आडवा गेलो.

"साहेब, जरा थांबा. त्या गाडीत सोळा ग्रॅम जास्त आहेत."

"दोनशेच्या आत आहे ना?"

"आहे. पण लाकडात एवढं वजन बसत नाही. आत धातू असला पाहिजे."

"सकाळीच का नाही सांगितलंत?"

"नियम म्हणजे नियम, साहेब," मी म्हणालो. "तुमच्याच मुलाच्या वेळेला बोलणं झालं ना? मग आता कामगाराची मुलगी म्हणून सोडली तर?"

तो घाव बरोबर बसला. साहेब बाजूला झाले. "काय करायचं म्हणता?"

"गाडी कापून बघायची."

बोलता बोलता आम्ही चालू माईकपाशी आलो होतो; माझा आवाज त्यातून अंगणभर गेला. शिट्ट्या थांबल्या. "सुतार तो सुतारच," असं माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "मागल्या वेळी सापडलं न्हवतं." एवढ्या वेळात रंगरावाच्या पाठीवरचे हात निघाले.

मुल्लाचाचा पुढे आले. "खांबेटेसाहेब, आज करवत चालवायची न्हाई. चाळीस वर्सं हाय मी हितं. लढाईच्या साली बी आज हत्यार हललं न्हवतं."

"चाचा, दसऱ्यापर्यंत गाडी कुणाच्या ताब्यात ठेवायची? रात्रीत बदलली तर?"

"बदलू दे की. लेकराची गाडी ती."

"मग बक्षीस राहू दे," मी म्हणालो. "यंदा फळ्यावर नावच लावायचं नाही."

पद्मा माझ्याकडे बघत होती. तिने गाडी माझ्यापुढे केली. नुसती हात लांब करून उभी राहिली.

मग गर्दी हलली. रंगराव पॅटर्न शॉपमधून येत होता आणि त्याच्या हातात त्याची करवत होती. पाटावरची. पात्याला ओलं कुंकू होतं, मुठीला झेंडूचं फूल बांधलेलं. त्याने फूल सोडलं, करवतीला कपाळ लावलं आणि ती मुठीकडून माझ्यापुढे धरली.

"रंगराव, हे बरं न्हवं," मुल्लाचाचा म्हणाले.

"चाचा, हत्याराचा कोप मी सोसीन. लोकांचा आता न्हाई सोसवत." मग माझ्याकडे वळून, "कापा साहेब. तुमच्याच हातानं कापा. मी कापलं तर म्हनतील काय तरी हातचलाखी केली."

मी आयुष्यात लोखंड मोजलं होतं, लाकूड कधी कापलं नव्हतं. गाडी बाकावर ठेवून करवत ओढली तर गाडीच घसरू लागली. कुणी पुढे येईना. तेव्हा पद्मा बाकापाशी आली, गुडघे टेकून बसली, आणि दोन्ही हातांनी तिने स्वतःची गाडी घट्ट दाबून धरली.

"आता कापा," ती म्हणाली.

किती वेळ लागला ठाऊक नाही. करवत सारखी अडत होती, कुंकवाने माझी बोटं लाल झाली होती, आणि सातशे माणसांच्या अंगणात तेवढाच एक आवाज होता. मध्यावर पात्याला एकदम काही कठीण लागलं. धातू लागला, मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मी जोर लावला. गाडीचे दोन तुकडे झाले.

आत लाकूड होतं. मधोमध, ठोकळ्याच्या ऐन पोटात, सुपारीएवढी तपकिरी गाठ. झाडाची फांदी फुटते तिथली. दुसरं काही नाही.

मी दोन्ही तुकडे उलटेपालटे करून बघितले. बोटाने गाठ दाबली, नखाने खरवडली. सगळे बघत होते.

मुल्लाचाचांनी एक तुकडा माझ्या हातातून घेतला. "साहेब, लाकूड म्हंजे काय लोखंड हाय व्हय? लोखंड मापाला सारखं तर वजनाला सारखं. एका झाडाचं दोन ठोकळं कधी सारखं भरलंत? त्यात ह्यात गाठ. गाठ जड आसती. हे शाळेतलं पोरगं सांगंल."

चौदा वर्षं गेजरूममध्ये काढलेल्या मला ते कळलं नव्हतं. मी तेरांतला एक ठोकळा वजन केला होता आणि तेराही तेवढेच असणार असं धरलं होतं.

"गाठीचा ठोकळा कुणी घेत नव्हतं," पद्मा म्हणाली. "कोरायला घेतला की कानस अडते. शेवटी तोच राहिला होता. म्हणून मी जास्त कोरलाच नाही, चाकंच नीट केली. साहेब, दोष निघाला का?"

"नाही."

"मग तसं माईकवरून सांगाल?"

मी सांगितलं. गाडी नियमात आहे, पहिला नंबर पद्मा रंगराव सुतार. टाळ्या पडल्या, पण चाचपडत. लोकांना आपण मघाशी काय पुटपुटलो ते आठवत असावं.

मी माईक खाली ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि बाबांचं?"

"बाबांचं काय?"

"त्या वेळेला फाटकावर. तेव्हापण काही निघालं नव्हतं ना? ते कुणी माईकवरून नाही सांगितलं. शाळेत मुली मला दप्तर दाखव म्हणतात. काही हरवलं की माझंच दप्तर बघतात. म्हणून मी सारखी तुम्हाला विचारायला येत होते. बाबा म्हणाले, बाकीच्यांनी नाही विचारलं तर चालतं, आपल्याला चालत नाही. आपण आधी विचारून घ्यायचं, म्हणजे मागून कुणी बोलणार नाही."

ती तक्रार करत नव्हती. पॉलिशपेपरबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात ती हे सांगत होती. दारातल्या तिच्या सगळ्या खेपा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि बाप मांड्यांखाली हात दाबून का बसला होता तेही कळलं. ज्या हातांना तिला मदत केल्यावाचून राहवत नव्हतं, ते तो स्वतःच डांबून बसला होता. माईक माझ्या हातात होता. नुसतं एवढं म्हणून सुटता आलं असतं, की हो, तेव्हाही काही निघालं नव्हतं. ते खरंच होतं. पण हातावर कुंकू होतं, समोर कापलेली गाडी होती, आणि मला वाटलं, आज अर्धं खरं सांगितलं तर आपण माणसांत राहणार नाही.

"तो गेज सापडला होता," मी म्हणालो. "झडतीनंतर आठ दिवसांनी. माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात. त्या दिवशी घाईत मीच तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता आणि विसरलो होतो. मी तो गुपचूप जागेवर ठेवला. कुणाला सांगितलं नाही. रंगराव सुताराने काही घेतलं नव्हतं."

मी हे तीन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, सुमनलाही नाही. म्हणूनच की काय, रंगराव एकदा तरी खोटा निघावा असं मला वाटत होतं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने मान खाली घातली. पाटणकरसाहेब माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते. मला मात्र एकदम हलकं वाटलं. वाटलं, झालं, आता फिटलं. रंगराव येईल, कदाचित चार शब्द सुनावेल, आणि मग हे मिटेल. मी त्याच्याकडे वळलो.

"रंगराव, माझं चुकलं."

तो पुढे झाला. माझ्या हातातून करवत काढून घेतली, कोपरीच्या टोकाने पातं पुसलं, दातांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला,

"साहेब, चुकलं तर मला आदीपास्नं ठाव व्हतं. मी काय घेतलं न्हवतं, तवा चूक तुमचीच आसनार. मी घरात तसंच सांगितलं. पोरीला सांगितलं, बायकोला सांगितलं, साहेब मानूस खरा हाय, त्येंची नजर चुकली. नजर कुनाची बी चुकती. त्येच्यावर आमी तीन वर्सं काढली. पोरगी तुमच्या दारात यायला भीत व्हती, तिला मीच धाडलं. म्हटलं, साहेब नियमाचा मानूस हाय, त्येंनी हो म्हनलं की कुनी बोट ठेवनार न्हाई."

पद्मा गाडीचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून धरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"आनि तुमाला आठ दिसात ठाव व्हतं," तो म्हणाला. "मी आता हिला काय सांगू, तेवढं तुमीच सांगा."

तो मला टोचायला बोलत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. पद्माही मान वर करून माझ्याकडे बघत होती, उत्तर मिळेल या हिशेबाने. बापलेक दोघंही बराच वेळ थांबले. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गर्दीतून निघून गेले.